पिंजऱ्यातील कोंबडी परसात आणताना

(शेतकरी महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



परसातील कोंबडी ही आपल्या खेड्यात घरातील बाईची पुंजी समजली जाते. नातवंडांच्या वह्या, एस.टी.चे भाडे, पाहुणा आला तर रस्सा, अडीनडीला चार पैसे, हे सारे त्या दहा-बारा कोंबड्यांवर भागते. २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या ३१ कोटींहून अधिक भरली. मोठमोठ्या शेडच्या या काळातही खुराड्यातील कोंबडी टिकून आहे, ती या बायकांच्या कष्टामुळे.

अंड्यांसाठी पाळलेल्या पिंजऱ्यातील कोंबड्या साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या झाल्या की शेडमालक त्या काढून टाकतो. काही सुधारित जातींत हे वय त्याहूनही जास्त असते. या वयात कोंबडी अंडी देणे थांबवते असे नाही. अंडी कमी होतात आणि खाद्याचा खर्च तेवढाच राहतो, म्हणून ती मालकाला परवडत नाही. मग व्यापाऱ्याचा टेम्पो येतो आणि त्या बाजारात जातात. अशा कोंबड्या स्वस्तात मिळतात म्हणून कोणी चार-सहा घरी आणतो. कोणी अंड्याच्या आशेने आणतो, तर कोणाला त्यांची दया येते. पिसे झडलेली, पिवळट तुऱ्याची कोंबडी पाहून कोणालाही वाटते की हिला मोकळी जमीन आणि ऊन मिळावे. दोन्ही हेतू चांगलेच आहेत. पण अशी कोंबडी आणल्या दिवशीच घरच्या कोंबड्यांत सोडू नये, एवढी एकच गोष्ट आज मला आपणांस सांगावयाची आहे. ती का सोडू नये आणि मग काय करावे, हे क्रमाने पाहू.

माझीच चूक

हे मी पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बाजारात निघालेल्या अशा सहा पांढऱ्या कोंबड्या मी आमच्या गावी आईकडे नेल्या. आईच्या तेरा देशी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. एक कोंबडी बारा अंड्यांवर खुडूक बसली होती. आईने विचारले, “या वेगळ्या ठेवायच्या का रे?” मी म्हणालो, “आई, यांना सगळ्या लसी दिलेल्या आहेत, काही होत नाही.” अंधार पडल्यावर सहाही कोंबड्या त्याच खुराड्यात सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी मी नोकरीच्या गावी परत आलो.

आठव्या दिवशी आईचा फोन आला. दोन कोंबड्या मान वाकडी करून बसल्या होत्या आणि हिरवट हगत होत्या. मी पोहोचेपर्यंत पाच मेल्या होत्या. शवविच्छेदनात जठराच्या आतल्या बाजूस रक्ताचे ठिपके सापडले आणि डॉक्टरांनी मानमोडीचे निदान केले. पुढच्या चार दिवसांत कोंबड्यासह एकूण अकरा पक्षी गेले. खुडूक कोंबडीही गेली आणि तिच्याखालची अंडी गार पडली. मी नेलेल्या सहा कोंबड्यांना मात्र काहीही झाले नव्हते. त्या अंगणात दाणे टिपत होत्या.

आई एवढेच म्हणाली, “तू शिकलेला आहेस ना रे? मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

लस दिलेली कोंबडी स्वतः मानमोडीने सहसा मरत नाही. पण रोगाचे विषाणू तिच्या शरीरात शिरू शकतात आणि तिच्या विष्ठेतून व श्वासातून बाहेर पडू शकतात. ती तुकतुकीत दिसते, खाते, अंडीही देते. आपल्या देशी कोंबड्यांना मात्र बहुधा कोणतीच लस दिलेली नसते. म्हणजे जी लस नव्या कोंबडीला वाचवते, तीच तिच्यातील धोका आपल्या डोळ्यांपासून लपवते. शिवाय त्या सहा कोंबड्या व्यापाऱ्याच्या क्रेटमधून आल्या होत्या. ते क्रेट आधी कोणकोणत्या शेडवर फिरून आले होते, हे मी विचारलेच नव्हते. रोग कोंबडीबरोबर येतो, तसाच क्रेट, पोते आणि पायातील चप्पल यांवरूनही येतो.

ही कोंबडी वेगळी कशी?

पिंजऱ्यातील कोंबडीचे आयुष्य आपल्या कोंबडीहून अगदी निराळे गेलेले असते. तिच्या वाट्याला मोठ्या वहीच्या पानाएवढीही जागा आलेली नसते. तिने माती उकरलेली नसते, दांडीवर बसून रात्र काढलेली नसते, घार किंवा मुंगूस पाहिलेला नसतो. यातून पाच गोष्टी संभवतात.

१. हाडे ठिसूळ असतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. वर्षाला ३०० अंडी धरली तर ६०० ग्रॅम कॅल्शियम तिच्या शरीरातून जाते. तिच्या साऱ्या सांगाड्यात मिळून ते जेमतेम २० ते २५ ग्रॅम असते. खाद्यातून भरपाई होत असली, तरी हाडांतून थोडे थोडे कमी होतच राहते. त्यात पिंजऱ्यात चालणे-फिरणे नाही. त्यामुळे पायाला धरून उलटी लटकवली तर तिचे हाड सहज मोडते.

२. चोच कापलेली असते. त्यामुळे तिला टणक जमिनीवरचा एकेक दाणा उचलता येत नाही. अंगावरील उवा आणि कोळी नीट वेचता येत नाहीत. देशी कोंबडीच्या टोकदार चोचीपुढे तिला स्वतःचा बचावही करता येत नाही.

३. मातीतील रोगांची सवय नसते. पिंजऱ्यातील विष्ठा खाली पडते, त्यामुळे जंत आणि रक्ती हगवणीचे जंतू यांच्याशी तिचा फारसा संबंध आलेला नसतो. आपल्या अंगणात ते असतातच. म्हणजे धोका दोन्ही बाजूंनी आहे. तिच्याकडून आपल्या कोंबड्यांना आणि आपल्या कोंबड्यांकडून तिला.

४. उजेडाची सवय वेगळी असते. शेडमध्ये दिव्यांसह दिवसाचे १६ तास उजेड असतो. आपल्या अंगणात डिसेंबरात ११ तासच मिळतो. त्यामुळे घरी आल्यावर तिची पिसे झडतात आणि अंडी बंद होतात.

५. पिंजऱ्यात ती नळीच्या टोकाला चोच लावून पाणी पिते. पसरट भांड्यातील पाणी तिच्या लक्षातच येत नाही. भांडे समोर असूनही नवी कोंबडी तहानलेली राहिल्याचे मी पाहिले आहे.

आणण्यापूर्वीची तयारी

कोंबडी आणण्याआधी किमान तीन आठवडे तयारीला लागावे. सर्वप्रथम घरच्या कोंबड्यांची व्यवस्था करावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्यांना जंताचे औषध द्यावे आणि मानमोडीची लस टोचून घ्यावी. पिलांना कोणती, तलंगांना कोणती आणि अंड्यावरील कोंबडीला कोणती लस द्यावयाची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. लस बर्फावरच आणावी आणि तयार केल्यावर लवकर संपवावी. उन्हात राहिलेली लस टोचून उपयोग होत नाही. अंगात प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून लस आधी आणि नवी कोंबडी नंतर, हा क्रम मोडू नये. गावातील पाच-दहा घरांनी मिळून एकाच दिवशी लस टोचून घेतली तर एक कुपी वाया जात नाही आणि सारा वाडा सुरक्षित होतो.

दुसरे म्हणजे नव्या कोंबड्यांसाठी वेगळे खुराडे करावे. ते घराच्या दुसऱ्या बाजूला, घरच्या कोंबड्यांपासून शक्य तितके दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावे. दर कोंबडीस रात्रीसाठी दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते. मात्र पुढे तट्ट्याने किंवा जाळीने बंदिस्त केलेले थोडे अंगण हवे. खाली भाताचे तूस किंवा लाकडाच्या भुशाची दोन-तीन इंच गादी करावी. बसण्याची दांडी पहिल्या महिन्यात एक फुटाहून उंच लावू नये. ठिसूळ पायांनी उंचावरून उडी मारताना इजा होते.

तिसरे, वेळ नीट निवडावी. एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी आणू नये. भर पावसाळ्यात रक्ती हगवणीचा जोर असतो. दिवाळीनंतरचे दिवस बरे. मात्र त्या काळात जिल्ह्यात बर्ड फ्लूची बातमी असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे हा रोग आढळला. अशा वेळी रोगाच्या क्षेत्रातील निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट करावे लागतात, परसातील कोंबड्याही त्यातून सुटत नाहीत.

निवड आणि वाहतूक

एकटी कोंबडी कधीही आणू नये. एकटीला घरच्या सगळ्या मिळून टोचतात. तीन-चार आणाव्यात, पण घरच्यांपेक्षा जास्त आणू नयेत. सर्व एकाच शेडमधील असाव्यात. बाजारातून, चार ठिकाणांहून जमा झालेल्या ढिगातून निवडण्यापेक्षा थेट शेडवर जाऊन घ्याव्यात. कोणत्या लसी कधी दिल्या, हे विचारून कागदावर लिहून आणावे.

डोळे पाणावलेले, नाक वाहणारे, श्वास घेताना घरघर करणारी, मागची पिसे विष्ठेने माखलेली कोंबडी दया आली तरी आणू नये. पिसे झडलेली असणे हा मात्र दोष नव्हे, ती परत येतात.

आपलीच स्वच्छ टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका न्यावा आणि त्याला हवेसाठी भोके पाडावीत. व्यापाऱ्याचा क्रेट आपल्या अंगणात आणू नये. कोंबडी उचलताना दोन्ही पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी उचलावी. प्रवास संध्याकाळी थंड वेळी करावा. तिच्या शेडमधील आठ दिवस पुरेल एवढे खाद्य मागून आणावे, मात्र आपल्याच स्वच्छ पिशवीत. घरी आल्यावर खोका असेल तर तो जाळून टाकावा आणि टोपली असेल तर धुऊन चार दिवस कडक उन्हात ठेवावी.

पहिले तीस दिवस

नव्या कोंबड्या पूर्ण तीस दिवस वेगळ्या ठेवाव्यात. मानमोडीची लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतात, पण काही वेळा पंधरा दिवसही लागतात. इतर काही रोग त्याहून उशिरा उघड होतात. म्हणून आठ दिवस काही झाले नाही, आता सोडू या, असे म्हणू नये. माझ्या आईच्या कोंबड्या आठव्याच दिवशी आजारी पडल्या हे आठवावे.

या तीस दिवसांत पुढील शिस्त पाळावी.

* सकाळी आधी घरच्या कोंबड्यांचे काम करावे, नंतर नव्यांचे. उलट कधीही करू नये.
* नव्यांकडे जाताना वेगळी चप्पल वापरावी. त्यांच्या दारात चुन्याची भुकटी पसरून ठेवावी. परतताना साबणाने हात धुवावेत.
* खाद्याची व पाण्याची भांडी, झाडू, टोपली सर्व वेगळे ठेवावे.
* नव्या कोंबड्यांची विष्ठा आणि गादी वेगळ्या खड्ड्यात टाकावी. घरच्या कोंबड्या उकरतात त्या उकिरड्यावर टाकू नये.
* घरातील मुलांना हे समजावून सांगावे. मूल या खुराड्यातून त्या खुराड्यात धावत गेले की सगळी शिस्त वाया जाते.

आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पंखाखाली व शेपटीखाली पाहावे. उवा किंवा बारीक कोळी असतील तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर लावावी. पिकावर मारण्याचे कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात कदापि मारू नये. त्याने कोंबडी दगावते आणि त्याचा अंश अंड्यातही उतरू शकतो. चुलीची चाळलेली गार राख आणि कोरडी माती मिसळून एका टोपलीत ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस कोंबडी तिच्याकडे नुसती पाहत राहते, आणि मग एके दुपारी त्यात अंग टाकून पंख झाडू लागते. तेव्हा ती परसात रुळू लागली असे समजावे.

खाद्य व पाणी

पहिल्या दिवशी पाण्याचे भांडे दाखवून प्रत्येक कोंबडीची चोच हलकेच दोन-तीन वेळा पाण्यात बुडवावी. एकीला समजले की बाकीच्या पाहून शिकतात.

पहिले चार दिवस शेडवरून आणलेले खाद्यच द्यावे. नंतर त्यात थोडी थोडी भरडलेली ज्वारी, मका किंवा तांदळाची कणी मिसळत आठ-दहा दिवसांत घरच्या खाद्यावर आणावे. चोच कापलेली असल्याने खाद्य जमिनीवर न फेकता पसरट भांड्यात बोटाच्या दोन पेरांएवढे खोल घालावे. एका कोंबडीला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम खाद्य लागते. तिला देशी कोंबडीप्रमाणे चरून पोट भरण्याची सवय नसते, हे विसरू नये. नुसत्या धान्यावर ती खंगते. सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड थोडी द्यावी. बुरशी आलेला मका आणि पेंड मात्र कोणत्याही कोंबडीला देऊ नये.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा. तो नसेल तर घरातील अंड्यांची कवचे तव्यावर भाजून, बारीक कुटून द्यावीत. मेथी, लसूणघास, शेवग्याचा पाला जुडी बांधून तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगावा. त्या निमित्ताने तिचे पाय आणि मान यांना व्यायाम होतो. धान्य सुरू केले की बारीक खडेही द्यावेत. दाणा दळण्यासाठी तिच्या पाथरीत खडे लागतात आणि पिंजऱ्यात तिला ते मिळालेले नसतात.

साक्षीदार कोंबड्या

पंधरा दिवस नव्या कोंबड्या ठणठणीत राहिल्या तर सोळाव्या दिवशी घरच्या दोन कोंबड्या त्यांच्यात नेऊन ठेवाव्यात. बाकीच्यांना जी लस टोचली तीच यांनाही टोचलेली असावी. यांना मी साक्षीदार कोंबड्या म्हणतो. नव्यांच्या अंगात लपलेला एखादा रोग असेल तर तो आधी या दोघींत दिसेल. उरलेले दोन आठवडे त्यांच्यावर बारीक नजर ठेवावी. शिंका, घरघर, डोळ्याला सूज, पातळ हगवण यांपैकी काही दिसले तर त्यांना परत आणू नये, डॉक्टरांना दाखवावे. दोन कोंबड्या धोक्यात घालणे जिवावर येते हे खरे. पण न तपासता सोडल्यास सगळ्याच धोक्यात येतात.

त्यांचा आणखी एक उपयोग आहे. दाणा कसा टिपावा, दांडीवर कसे चढावे, घारीची सावली दिसली की कोठे लपावे, हे नव्या कोंबड्या त्यांच्याकडून शिकतात. आपण शिकवू शकत नाही ते त्या शिकवतात.

जाळीआडची ओळख

तीस दिवस निर्धोक गेले की आता प्रश्न रोगाचा न राहता स्वभावाचा होतो. कोंबड्यांत मानाची उतरंड असते. कोणी आधी खायचे, कोणी कोणाला टोचायचे हे ठरलेले असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डरुप-एब यांनी ही उतरंड अभ्यासून १९२१ मध्ये शास्त्रीय पद्धतीने मांडली. आपल्या आयाबायांना ती आधीपासून ठाऊक होती, एवढेच. नवी कोंबडी आली की ही उतरंड पुन्हा ठरते आणि ती टोचाटोचीशिवाय ठरत नाही. ती रक्तपाताशिवाय ठरावी एवढे आपल्या हातात आहे.

त्यासाठी नव्यांचे अंगण आणि जुन्यांचे अंगण यांमध्ये फक्त जाळी किंवा फटींचा तट्ट्या ठेवून सात-आठ दिवस जाऊ द्यावेत. दोन्ही बाजूंनी जाळीजवळच खाद्य ठेवावे, म्हणजे एकमेकींसमोर खाण्याची सवय होते. पहिल्या दिवशी जाळीवर चोची आपटतील. चौथ्या-पाचव्या दिवशी दुर्लक्ष करू लागतील. दुर्लक्ष सुरू झाले म्हणजे आपले अर्धे काम झाले.

एकत्र सोडणे

पहिल्यांदा एकत्र सोडताना खुराड्यात न सोडता मोकळ्या जागेत, संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी तासभर सोडावे. वेळ थोडा असला की भांडण लांबत नाही. घरातील एका माणसाने तो तासभर तेथेच बसावे. दुसऱ्या दिवशी दोन तास, असे करत आठवडाभरात पूर्ण दिवसावर यावे. त्यानंतरच रात्री एका खुराड्यात घ्यावे.

खाद्याची व पाण्याची भांडी एकाच्या जागी तीन ठेवावीत आणि एकमेकांपासून लांब ठेवावीत. एक दांडगट कोंबडी एका वेळी एकच भांडे राखू शकते. अंगणात तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कडब्याच्या पेंड्या तिरप्या उभ्या करून आडोसे करावेत. आडोसा दोन्ही बाजूंनी उघडा असावा. एका बाजूने बंद असेल तर पळणारी कोंबडी त्यात कोंडली जाते.

कोणती भांडणे चालू द्यावीत? डोक्यावर एक-दोन टोचे, पाठलाग, मान फुगवून समोरासमोर उभे राहणे हे तीन ते पाच दिवस चालते. त्यात आपण पडू नये. मात्र रक्त निघाले, एकीला अनेकींनी कोपऱ्यात धरले किंवा एखादी दिवसभर आडोशातून बाहेरच येईना, तर लगेच हस्तक्षेप करावा. जखमीला बाजूला घेऊन जखम स्वच्छ धुवावी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध लावावे. ताजे रक्त दिसले की साऱ्याच कोंबड्या तेथे टोचतात, म्हणून जखम भरेपर्यंत ती परत सोडू नये.

एखादी घरचीच कोंबडी फार मारकुटी निघाली तर मार खाणारीला न हलवता मारणारीला तीन-चार दिवस डालग्याखाली वेगळी ठेवावी. ती परत येते तेव्हा तिचा तोरा बराच उतरलेला असतो. कोंबड्यावरही लक्ष असावे. चांगला कोंबडा भांडणे मोडतो, पण वजनदार कोंबड्याने नव्या कोंबडीची पाठ सोलून निघत असेल तर तिला काही दिवस त्याच्यापासून दूर ठेवावे.

आता सर्वांत सोपी खूण सांगतो. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात आल्या की प्रत्येक नव्या कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी. भरलेली लागली तर तिला दिवसभर खायला मिळाले. रिकामी लागली तर दिवसा सगळे ठीक दिसत असूनही तिला कोणीतरी भांड्याजवळ येऊ देत नाही असे समजावे आणि तिला वेगळे खाऊ घालावे. असे पंधरा दिवस तरी रोज चाचपावे.

पांढरी कोंबडी घारीला लांबून दिसते आणि तिला पळण्याची सवय नसते. म्हणून पहिला महिना तिला झाडाखाली किंवा मांडवाखालीच फिरू द्यावे. अंधार पडला तरी ती आपणहून खुराड्यात येईलच असे नाही. रोज मोजून आत घ्यावी, नाहीतर मुंगूस आणि कुत्री आहेतच.

अंडी आणि अपेक्षा

पहिले सहा ते आठ आठवडे अंडी मिळाली नाहीत तर घाबरू नये आणि तिला कापण्याची घाईही करू नये. पिसे नवी आली की ती पुन्हा अंड्यावर येते. मात्र शेडमधील आकडा परत येणार नाही, आणि वय वाढेल तशी अंडी कमी होत जातील. ती खुडूक बसत नाही, म्हणून पिलांसाठी आपली देशी कोंबडी राखलीच पाहिजे. या जातीच्या कोंबड्यांना उतारवयात अंडे आत अडकणे, पोटात पाणी होणे असे आजार होतात, त्यामुळे एखादी अचानक दगावते. हे आधीच मनाशी धरावे.

केवळ अंडी वाढवणे हाच हेतू असेल तर ग्रामप्रिया, गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची लसीकरण केलेली महिनाभराची पिले घेणे अधिक फायद्याचे पडते. पिंजऱ्यातील कोंबडी आणावी ती तिला जागा, वेळ आणि खाद्य देण्याची तयारी असेल तरच. वेगळे खुराडे करण्याइतकी जागा नसेल तर आणूच नये. हे सांगणे गोड लागणार नाही, पण माझ्या आईच्या अकरा पक्ष्यांची किंमत देऊन मी ते शिकलो आहे.

रोग आलाच तर

एकाच दिवशी दोन किंवा अधिक कोंबड्या मेल्या तर त्यांना वाऱ्यावर सोडून देऊ नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेली कोंबडी ओढ्यात, रस्त्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नये. तपासणीसाठी डॉक्टरांनी मागितली नाही तर तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. आजारी कोंबड्या घाईने बाजारात विकणे किंवा नातेवाइकांकडे पाठवणे हा गावावर केलेला अन्याय आहे. शेजारच्या बाईला मात्र त्याच दिवशी सांगावे, म्हणजे ती आपल्या कोंबड्या कोंडून ठेवील. संकोचाने लपवलेला रोग एका आठवड्यात सारी आळी रिकामी करतो.

शेवटी

हिशेब केला तर तीस दिवस वेगळे खुराडे, त्यात साक्षीदार कोंबड्या, मग आठ दिवस जाळी आणि आठवडाभर संध्याकाळची पाळत. म्हणजे दीड महिना झाला. शेतकऱ्याला दीड महिना थांबणे नवे नाही. पेरलेले उगवून हाताशी येईपर्यंत आपण त्याहून जास्त थांबतो.

माझ्या आईकडे आज पुन्हा कोंबड्या आहेत. वाचलेल्या तीन कोंबड्यांना सहा महिन्यांनी लस टोचून, शेजारणीकडून पिले आणून तिने पुन्हा खुराडे भरले. त्या सहा पांढऱ्यांपैकी दोन दोन वर्षे जगल्या. त्यातली एक उन्हात पडवीच्या पायरीवर आईच्या शेजारी येऊन बसत असे. पुढे मी आणखी चार कोंबड्या नेल्या, तेव्हा आईनेच गोठ्यापलीकडे वेगळे खुराडे तयार करून ठेवले होते आणि दारात चुना पसरला होता. मला म्हणाली, “चप्पल बाहेर काढ.”

तेव्हा भगिनींनो, कोंबडी आणावयाची तर अवश्य आणा. पण आधी लस टोचा, मग खुराडे करा, आणि मगच कोंबडी आणा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.